दिगूच्या टाकीतली बांडगुळं

प्रिय दिगू,

गेल्या वर्षीच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी मी तुझ्या स्वयंपाकघरातलं लाकडी उलथणं घेतलं आणि तुझ्या टाकीत हात घातला. एवढी एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. तू होतास तेव्हा धीर झाला नाही, आणि तू गेल्यावर सांगायचं कुणाला, म्हणून गप्प राहिलो. पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. तुला आणि मनीषाला मूलबाळ नाही, म्हणून विधी माझ्याकडे आला. भटजी तुझं नाव-गोत्र विचारतील, पिंड ठेवायला सांगतील. पण हे पोटात ठेवून माझा हात पिंडाला लागणार नाही, म्हणून लिहितो आहे.

तू ती टाकी आणलीस तेव्हा मी तुला हसलो होतो, आठवतं? "अरे, समुद्र मागे टाकून आपण मुंबईत आलो, आणि आता तोच काचेत भरतोस?" तू म्हणालास, "तो गावचा समुद्र होता, दादा. हा मुलुंडचा!"

आणि खरंच भरलास की रे! खिडकीखाली तीन फुटांची काच, त्यात खडक, खडकांवर प्रवाळ, वर निळा दिवा. पाण्यात मीठ किती, पाण्याला ऊब किती, सगळं वहीत टिपून ठेवायचास. संध्याकाळी ट्रॉम्बेहून नोकरीवरून आलास की बूट न काढताच टाकीसमोर वाकायचास. मनीषा आतून म्हणायची, "आधी टाकीला भेटा, मग बायकोला." मी मनात म्हणायचो, मी देव्हाऱ्यासमोर वाकतो तसाच हा वाकतो. बोललो मात्र नाही कधी. तू भटजी म्हणून चिडवलं असतंस.

आषाढात तुला इस्पितळात ठेवलं. मनीषा तुझ्याजवळ, आणि घराची किल्ली माझ्याकडे. नाहूरहून मुलुंड ते किती लांब! कांजूरमार्गला कारखान्यात हजर व्हायच्या आधी मी रोज सहाला तुझ्या घरी जायचो, पाणी बघायचो, दिवा लावायचो. इस्पितळात जाण्याआधी तू मला टाकीसमोर बसवून एक धडा दिला होतास.

"हे बघ दादा, हे काय दिसतं?"

"फूल आहे. समुद्रफूल. आपल्या कातळावरच्या डबक्यात नसायची का? बोट लावलं की मिटायची."

"फूल नाही हे. बांडगूळ आहे. दुकानात ह्याला ॲप्टेशिया म्हणतात, पण तू बांडगूळच म्हण. खडकाबरोबर चोरून येतं आणि शेजारच्या प्रवाळाला डसून डसून मारतं. आंब्यावरचं बांडगूळ आपण ठेवतो का?"

मग तू औषध दाखवलंस. पानाला लावतात तोच चुना, फक्त शुद्ध, डबीतला. तो पाण्यात घट्ट कालवायचा, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचा, पंप बंद करायचे आणि बांडगुळाच्या तोंडावर हळूच सोडायचा. पंधरा मिनिटं पाणी हलू द्यायचं नाही. एका दिवसात सात-आठ, त्याहून जास्त नाही, नाहीतर पाणी बिघडतं. "आणि हाताने ओढून काढायला जाऊ नकोस," तू म्हणालास. मला वाटलं, डसतं म्हणून सांगतोस. का, असं मी विचारलंच नाही! शाळेतही गुरुजींना प्रश्न विचारायची मला भीती वाटायची.

त्या सोमवारी सात बांडगुळं दिसली. मी उपास धरलेला, आंघोळ करून आलेला, टाकीनंतर शंकराच्या देवळात जायचं होतं. चुना कालवला, सिरिंज भरली, पंप बंद केले. पाणी थांबलं तसं त्यातलं एक हळूहळू उमललं. तपकिरी, आरपार दिसणारं, केसासारख्या पाकळ्या पसरून माझ्याकडे तोंड करून उभं राहिलं. माझ्या गळ्यात माळ, महिना श्रावण, आणि हातात त्याचं मरण. नाही झालं रे माझ्याच्याने.

मग मला वाटलं, मारायचं कशाला? उचलून दुसरीकडे नेऊन सोडू. हाताने ओढू नकोस म्हणाला होतास, म्हणून उलथणं घेतलं! स्टीलच्या डब्यात टाकीतलंच पाणी घेतलं आणि एकेक खरवडून काढलं. काही अख्खी सुटली, बरीचशी तुटली. तुकडे पाण्यात तरंगत इकडेतिकडे गेले, मी ते पाहिले आणि सोडून दिले. डबा मांडीवर धरून रिक्षाने ऐरोलीच्या पुलाकडे गेलो, खाडीत रिकामा केला, हात जोडले. देवळात गेलो तेव्हा इतकं हलकं वाटलं! सात जीव वाचवले म्हणून नंदीला सांगूनही आलो.

दुपारी तुझा फोन आला. बरं वाटत असलं की तू गावच्या बोलीत बोलायचास.

"दिलंस चुनो?"

"दिलंय."

"सगळ्यांका?"

"सगळ्यांका. सात होती."

"रे दादा! माळकरी माणूस तू, आणि सात खून!" तू इतका हसलास की तुला खोकला आला. मागून मनीषा "अहो, हळू" म्हणत होती.

किती दिवसांनी हसला होतास. ते हसू काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तू विचारलंस, टाकी कशी आहे? मी म्हणालो, एकदम झकास.

दोन आठवड्यांत जिथे सात होती तिथे मला मोजता येईनात. खडकाच्या मागे, फटीत, काचेच्या कोपऱ्यात, पंपाच्या जाळीवरसुद्धा! तुला विचारायचं तोंड नव्हतं, म्हणून घाटकोपरला तू जिथून मासे आणायचास त्या दुकानात गेलो. तिथल्या बाई तुला ओळखत होत्या. "दिगंबरभाऊंचे मोठे भाऊ का? कसे आहेत ते?" मी टाकीचं सांगितलं. उलथण्याचं सांगितलं तशा त्या काउंटरवर हात टेकून उभ्याच राहिल्या.

"खरवडलंत? अहो दादा, तुम्ही तर पेरणी केलीत!"

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याचा नखाएवढा तुकडा राहिला तरी त्याचं नवीन होतं. तुम्ही सात काढली नाहीत, सत्तर लावलीत. आणि काढलेल्यांचं काय केलंत?"

"खाडीत सोडली."

त्यांनी कपाळाला हात लावला. "टाकीतलं काही खाडीत सोडायचं नसतं हो कधी! जाऊ दे. आता चुना द्या रोज थोडा."

"दुसरं काही नाही का? जीव मारायचा म्हणजे..."

"आहे ना. ही कोळंबी न्या, पेपरमिंट म्हणतात. बांडगूळ खाते. पाप लागलंच तर कोळंबीला!"

मी दोन कोळंब्या घेतल्या, दिगू. हसू नकोस. मला खरंच बरं वाटलं, की जे व्हायचं ते आता माझ्या हाताने होणार नाही. पण त्यांनी दोन-चार कोवळी बांडगुळं खाल्ली आणि मग माशांना टाकलेलं खाणंच बरं असं ठरवून खडकामागे जाऊन बसल्या. कोळंबीला तरी काय बोलणार? मीही तेच करत होतो.

ह्यात मनीषा कुठे येते, ते आता सांगतो, कारण हे पत्र खरं तर तिच्याबद्दलच आहे. ती संध्याकाळी तासाभरासाठी घरी यायची, आंघोळ करायची, तुझ्यासाठी पेज करायची, आणि जाताना टाकीत खाणं टाकायची. एकदा टाकलं हे विसरून पुन्हाही टाकायची. तिचं तरी लक्ष कुठे ठिकाणावर होतं! बांडगुळं वाढलेली पाहून तिने त्याच दुकानात फोन केला, आणि कुणीतरी सांगितलं की जास्त खाण्याने ती माजतात. तेही खरंच आहे. तिने ते मनाला लावून घेतलं.

गणपती झाल्यावर तुला चार दिवस घरी सोडलं. मी आणि मनीषाने तुला दोन्ही बाजूंनी धरून जिने चढवले. तू म्हणालास, आधी टाकी. आम्ही तुला खुर्चीवर बसवलं.

तू किती वेळ नुसता बघत राहिलास! हिरवं-जांभळं प्रवाळ, जे तू अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यापासून सहा वर्षं वाढवलं होतंस, ते एका अंगाने पांढरंफटक पडलं होतं, आणि त्याच्या बुडाशी बांडगुळांचा दाट गराडा. मनीषा मागे उभी होती. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं हो. माझ्या हातून खाणं जास्त पडलं. तुमची टाकी मला सांभाळता आली नाही."

तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस.

दिगू, त्या वेळी मला सगळं माहीत होतं. दुकानातून येऊन आठवडा झाला होता. मी फक्त तोंड उघडायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग तूच तिला म्हणालास, "जाऊ दे गं. मीठ-पाण्याची टाकी ती, कुणाचंही चुकतं."

तुला कळलं होतं का रे? खडकावर उलथण्याचे ओरखडे होते, ते तुझ्या नजरेतून सुटले असतील असं वाटत नाही. मग मला विचारलं का नाहीस? एकदा खडसावायचं होतंस! "दादा, काय केलंस हे?" एवढं म्हणाला असतास तर मी त्याच वेळी पायाशी बसून सगळं सांगितलं असतं. थोरला म्हणून मला इतकं सांभाळायला हवं होतं का? ही माझी तुझ्यावरची एकमेव तक्रार आहे, आणि तीही करायचा मला हक्क नाही.

दुसऱ्या दिवशी तू सिरिंज मागितलीस. स्वतःच देऊन पाहिलास. चुना बांडगुळावर न पडता पाण्यात धुरासारखा पसरला. तू सिरिंज माझ्यापुढे धरलीस. "दादा, तू दे. माझ्यासमोर दे. मला बघू दे."

मी म्हणालो, "आज एकादशी आहे रे. उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे तुला ताप भरला आणि परत न्यावं लागलं. त्यानंतर तू घरी आला नाहीस.

ती एकादशी माझ्या मनातून जात नाही. लहानपणी आई जिवंत कुर्ल्यांच्या नांग्या मोडायची, हात धुवायची आणि त्याच हाताने तुळशीला पाणी घालायची. तिच्या भक्तीत मला कधी उणं दिसलं नाही. मग माझीच भक्ती अशी नाजूक कशी झाली, की भावाच्या शेवटच्या मागण्याच्या आड आली? देवाला मी हे विचारलं आहे. त्याने उत्तर दिलं नाही. प्रश्न चुकीच्या ठिकाणी नेला असेल.

तुझ्या तेराव्याला सगळे जमले. बोरिवलीहून आपली आक्का आली. तिचं तुझ्यावर किती प्रेम, तुला ठाऊक आहे, आणि तिचं तोंडही ठाऊक आहे. मनीषा पंगतीत वाढत होती. आक्काने टाकीकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नवऱ्याची एवढीशी काचेची पेटी हिला राखता आली नाही. नवरा काय राखणार होती!"

मनीषाच्या हातातली पळी थांबली. मी ताटातला भात कालवत राहिलो. कालवलेलाच भात पुन्हा कालवला.

हे तू पाहिलं असशील तर मला क्षमा करू नकोस.

वर्षभर मी तुझ्या घरी जातो, महिन्यातून एकदा, दाराशीच थोडा टेकतो, चहा घेतो, "काही लागलं तर सांग" म्हणून निघतो. आपल्याकडे थोरल्या दिराने भावजयीसमोर बसून बोलायची रीत नाही, आणि ह्या रीतीमागे लपायला मला फार सोयीचं झालं. ती मात्र टाकी पुसत राहिली, पाणी बदलत राहिली. तुझ्या फोटोला हार घालताना पुटपुटायची ते मला दाराशी ऐकू यायचं. ती माफी मागायची, दिगू.

परवा तिचा फोन आला. "दादा, मी टाकी काढून टाकतेय. रविवारी दुकानवाल्या बाई माणूस पाठवणार आहेत. ज्याच्याकडे चांगली राहील त्याला देऊ दे त्यांना. माझ्याने बघवत नाही. मीच मारली ना ती."

त्यानंतर मला जेवण गेलं नाही. आता तुझी टाकीही जाणार, आणि ती जाताना तिच्यावर मनीषाचंच नाव लिहिलेलं असणार. मी बोललो नाही तर हे कायमचं झालं.

म्हणून आज, रविवारी सकाळी, माणूस यायच्या आधी गेलो. ती टाकीसमोर बादली घेऊन उभी होती.

म्हटलं, "मनीषा, बस जरा."

ती दचकलीच. इतक्या वर्षांत मी तिला कधी बस म्हटलं नव्हतं. ती बसली, मी समोर स्टुलावर बसलो, आणि सगळं सांगितलं. उलथणं, तुकडे, खाडी. फोनवरचं खोटं. दुकानात काय कळलं ते. आणि ती तुझ्यामागे उभी राहून रडली तेव्हा मला ठाऊक होतं, हे. आक्का बोलली तेव्हाही ठाऊक होतं, हे. माझी नजर जमिनीवर होती, पण मध्ये थांबलो नाही.

तिने बादली बाजूला सरकवली.

"ह्यांना माहीत होतं?"

"मला नाही माहीत. वाटतं, होतं."

"रोज माफी मागते मी ह्यांची, दादा. रोज. तुम्ही ऐकलंय मला मागताना."

"हो."

"आणि तुम्ही चहा पीत होतात."

तिने दुकानात फोन लावून माणसाला आज येऊ नका म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही आता जा."

मी उठलो. दार माझ्यामागे लागलं. जिना उतरून खाली फाटकाशी आलो आणि तिथूनच आक्काला फोन केला, घरी पोचलो असतो तर पुन्हा धीर गेला असता म्हणून.

"आक्का, दिगूची टाकी मनीषाने नाही बिघडवली. मी बिघडवली."

"बरं. मग आता कशाला उकरून काढतोस? माणूस गेला."

"माणूस गेला, पण ती आहे ना! तेराव्याला तू सगळ्यांसमोर बोललीस. ते शब्द परत घे."

"शहाणा झालास! थोरल्या बहिणीला शिकवतोस?"

"हो," मी म्हणालो. "शिकवतोय." आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याशी असं बोललो. तिने फोन ठेवून दिला. ठेवू दे.

आता तुला शब्द देतो, दिगू. श्राद्धाच्या दिवशी पानं वाढायच्या आधी मी उभा राहून हे सगळ्यांना सांगणार आहे. आक्का आली तरी, न आली तरी. मनीषाने हात लावू दिला तर एकेका बांडगुळाला माझ्या हाताने चुना देईन, एकादशी असो की श्रावण. तिने टाकी देऊन टाकायची ठरवलं तर मध्ये पडणार नाही. आणि तिने मला माफ करावं असं तिला कधी विचारणार नाही. ते मागायला मी वर्षभर उशिरा गेलो आहे.

तिला सांगितलं, दिगू. एवढंच आज तुला कळवायचं होतं.

तुझा,
दादा